गरम खडक, कोरडी विहीर

तेल कंपनीत त्यांना सगळे पाताळसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. जमिनीखाली काय चाललंय हे ओळखण्यात त्यांची उमर गेली. जमिनीच्या वर काय चाललंय, ते मात्र नेहमी बायकोकडूनच कळायचं.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. धाकट्या लेकीनं एकदा जेवताना सहज विचारलं होतं, "बाबा, तुम्ही काढलंत ते सगळं जळूनच गेलं ना?" तिनं विचारलं आणि ती विसरलीही. ह्यांच्या मनातून ते जाईना. मग एका छोट्या सल्लागार कंपनीत ते रुजू झाले. धुराशिवाय ऊर्जा कशी मिळवता येईल, हे ती कंपनी कारखान्यांना सांगायची. ऑफिस म्हणजे दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. फोनवर खालच्या यंत्राची घरघर ऐकू आली की बायको म्हणायची, "अहो, अजून ड्रिलिंग सुटलं नाही वाटतं तुमचं!"

पहिलंच मोठं काम आलं ते त्यांच्या जुन्या तेलक्षेत्राचं. तेल आटलं, हा निकाल काही वर्षांपूर्वी त्यांनीच दिला होता, आणि त्यानंतर तिथल्या गावाचे धंदे बसले ते बसलेच. आता कापड रंगवण्याचा एक कारखाना तेवढा तग धरून होता. त्याचा बॉयलर आज जातो की उद्या, अशी गत, आणि नवा घ्यायची ऐपत नाही. साहेबांची योजना सरळ होती. तेल संपलं तरी खोलवरचा खडक तापलेलाच आहे. जुन्या विहिरीतून तिथलं गरम पाणी वर आणायचं, त्यावर रंगाचे हौद तापवायचे आणि गार झालेलं पाणी शेजारच्या विहिरीतून परत खाली सोडायचं.

तेलक्षेत्रावरच्या आपल्या जुन्या फोरमनला त्यांनी हाक मारली. तो आता गॅरेज चालवायचा, आणि त्याची मुलगी त्याच कारखान्यात रंग कालवायची. गडी हातातलं काम टाकून आला. गंजलेले नट तेल पाजून सोडवले, विहिरीचं तोंड घासूनपुसून लख्ख केलं. पंप सुरू झाला आणि पाइपातून वाफाळतं पाणी आलं, तेव्हा कुंपणापाशी निम्मा कारखाना जमला होता. फोरमनच्या मुलीनं धारेखाली बोट धरलं आणि "आई गं!" करून मागे घेतलं. सगळे हसले. पाताळसाहेबही हसले, कितीतरी दिवसांनी.

मग विहिरीतली पातळी उतरायला लागली. आधी त्यांना वाटलं, मापक बिघडला. तो बदलला. पंप आणखी खोल सोडला. पाणी आणखी खाली गेलं. दुसऱ्या विहिरीत सोडलेलं पाणी भलतीकडेच मुरत होतं, इकडे थेंब फिरकत नव्हता. शेवटी पंप नुसती हवा ओढायला लागला. खडक गरम होता, पण त्यातल्या भेगा मिटल्या होत्या. पाणी येणार तरी कुठून?

"अहवालात 'आणखी अभ्यास हवा' असं लिहू या का?" कंपनीच्या संचालकबाईंनी विचारलं. "दार थोडं उघडं राहतं."

"दार नाहीच हो तिथे," साहेब म्हणाले.

कारखान्यात सांगायला ते स्वतः गेले. मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कारकुनाला फोन लावायला सांगितलं. कुणाला, ते सगळ्यांनाच कळलं. यंत्रं विकत घेणारा माणूस आधीच दोनदा येऊन गेला होता.

फोरमन बाहेर उभा होता.

"साहेब, तेल आहे म्हणून तुम्हीच सांगत आलात. संपलं म्हणून तुम्हीच सांगितलंत. आता पाणीपण नाही म्हणता?"

"मला वाटलं होतं, या वेळी..."

"आम्हालाही वाटलं होतं," फोरमन म्हणाला. आवाज चढला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. तो चढला नाही.

कारखाना बंद झाला. फोरमनची मुलगी दूरच्या शहरात एका गोदामात कामाला लागली. दुसऱ्या दोन जुन्या विहिरींची कागदपत्रं साहेबांनी पुन्हा पुन्हा चाळली. सगळीकडे तोच खडक. ऑफिसात आता ते दुकानांना दिवे आणि पंखे बदलण्याचा सल्ला देतात. कुणीही देईल असा सल्ला.

उघडलेली विहीर नियमानं बुजवावी लागते. त्यासाठी ते शेवटचं गावात गेले. सिमेंट कालवायला फोरमनच होता; दुसरं कुणी उरलंच नव्हतं. दोघांनी मिळून विहिरीत सिमेंट सोडलं, ते घट्ट होईपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहिले, मग वरून दाब देऊन पाहिला. दाबमापकाचा काटा जागचा हलला नाही.

"गळत नाही ना?" फोरमननं विचारलं.

"नाही."

"मग झालं." त्यानं हात पुसले आणि घमेली धुवायला उचलली.