सुई टोचल्याची नोंद कुणी केली?

भूतबित म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे माझं ठाम मत होतं. बारा वर्षं नर्सिंग केलंय. या हातांनी किती मयतं गुंडाळली त्याला गणती नाही, एकानेही उठून ‘सिस्टर, पाणी द्या’ म्हटलं नाही! तेव्हा हसायचं तर खुशाल हसा...

गेल्या वर्षी नालासोपारा पश्चिमेच्या एका खाजगी हॉस्पिटलात नुकतीच लागले होते. घरी, नायगावच्या फ्लॅटमध्ये, सासूबाईंजवळ माझी आठ महिन्यांची मुलगी. अंगावर पिणारं बाळ आहे म्हटलं तर नोकरी कोण देतंय? इंटरव्ह्यूत मी चकार शब्द काढला नव्हता.

त्या दिवशी मॉर्निंग ड्युटी संपत आलेली, दुपारचा दीड. जवळच्या गास गावच्या रस्त्यावर अपघात झालेला एक बेशुद्ध पेशंट, सोबत कुणी नाही. पडद्याआड त्याचं रक्त काढलं आणि सुईला कॅप परत लावायला गेले. लावायची नसते! शिकाऊ मुलींना मीच ओरडून सांगते. पण मेली हाताची सवय... खचकन डाव्या अंगठ्यात.

साबणाने हात धुतला. खरं तर लगेच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की दहा प्रश्न, त्यात बाळाचंही निघणार आणि नोकरी जाणार. कुणी पाहिलं नव्हतं, गप्प बसले. कधी एकदा घरी जाते आणि पोरीला जवळ घेते असं झालं होतं.

चपला बदलत होते, तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आल्या. वसईच्याच, तोंडाने फटकळ.

“अगो बाय, रजिस्टरात लिहून मोकळी झालीस, आता गोळी घ्यायला तुझा नवरा येणार काय?”

“कसली गोळी?”

त्यांनी सुई टोचल्याच्या नोंदींचं रजिस्टर पुढ्यात धरलं. माझं नाव. वेळ एक पस्तीस. डावा अंगठा, कॅप लावताना. अक्षर माझं नव्हतं. गोल, ठसठशीत, तिथल्या कुणाचंच नव्हतं. आणि शेवटच्या रकान्यात — ‘अंगावर पिणारं बाळ आहे. पाजू देऊ नका.’



“तुला बाळ आहे?” सिस्टरनी हळूच विचारलं. मी तिथेच रडायला लागले.

पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. संसर्ग रोखणारी माझी पहिली गोळी मात्र दोन तासांच्या आत पोटात गेली होती. अठ्ठावीस दिवस घेतल्या. हा विषाणू आईच्या दुधातूनही जातो, म्हणून पोरगी वरच्या दुधावर गेली. चार दिवस तिने घर डोक्यावर घेतलं, आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. पुढच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. नोकरीही टिकली, कारण बाळाचं सिस्टरनी कुणाकडे काढलं नाही, तो शेवटचा रकानाही कुणाला दाखवला नाही.

रजिस्टर सिस्टरच्याच टेबलावर होतं. “सकाळपासून माझ्या नजरेसमोर होतं गो, कुणी हात लावला नाय,” असं त्या येशूची शपथ घेऊन सांगतात. सगळ्यांना विचारून झालं. कुणी लिहिलं, मला आजही माहीत नाही.

एवढंच कळतं, की ती नोंद नसती तर तीन वाजता मी घरी पोचून पोरीला पदराखाली घेतलं असतं... आणि पुढे कितीतरी महिने पाजत राहिले असते.