उपासाच्या शुक्रवारचं गोठवलेलं सूप

डब्याचं झाकण काढलं आणि मला कळलं की आता आपलं काही खरं नाही. आत सूप होतं, पण त्याला सूप म्हणायला जीभ रेटत नव्हती. वर पिवळसर पाणी, खाली रवाळ गोळे, मधेमधे लोण्याचे तुकडे. दूध साफ फाटलं होतं. आमचे मालक फ्रामजीशेठ माझ्या खांद्यावरून डोकावले.

“डिकरा, हे तू साहेबाला देणार?”

“नाही, शेठ.”

“मग कोणाला? मला?”

ही गोष्ट कल्याण स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूममधली. मेल कल्याणला थांबायची, इंजिन पाणी भरून घ्यायचं आणि तेवढ्यात साहेबलोक उतरून जेवून घ्यायचे. कॉन्ट्रॅक्ट फ्रामजीशेठचं होतं, किचन माझ्याकडे होतं, पण तात्पुरतं. आमचा जुना गोवेकर कुक आजारी पडून गावी गेला, म्हणून पळी माझ्या हातात आली. त्याआधी मी त्याच किचनमध्ये कांदे सोलत होतो. आमचं घराणं ठाण्याच्या खाडीकाठचं, मिठागरात राबणारं. आमच्यातल्या कोणी साहेबाच्या टेबलावर ताट पाठवलं नव्हतं.

रेल्वेची वाहतूक बघणाऱ्या ट्रॅफिक साहेबाने हिवाळ्यात गोवेकराच्या हातचं लीक आणि बटाट्याचं सूप खाल्लं होतं. ते त्याच्या जिभेवर असं बसलं की जाताना तो म्हणाला, पुढच्या दौऱ्यात मेमसाहेबांना आणि पाहुण्यांना घेऊन येतो, हेच सूप पाहिजे. शेठने मला स्वच्छ सांगितलं होतं, “साहेब खूश झाला तर तू कायमचा हेड कुक. नाही तर मी मुंबईहून माणूस आणतो आणि तू परत कांद्याकडे.” आई मिठागर सोडून माझ्या क्वार्टरमध्ये राहायला आली होती ती या भरवशावर. गावात सगळ्यांना सांगून आली होती. त्यामुळे परत जायची सोय नव्हती.

लीक म्हणजे कांद्याचा मवाळ भाऊ. खाली पांढरा जाड दांडा, वर हिरवी पात, आणि डोळ्यांत पाणी न आणण्याचा गुण. आपल्याकडे तो थंडीतच येतो. स्टेशनमागच्या बागेत सखाराम माळी साहेबलोकांसाठी दोन वाफे लावायचा. साहेब यायच्या बेताला लीक तयारच होता, पण मुंबईहून तार आली की दौरा पुढे ढकलला. इकडे उन्हाने ताव धरला. सखाराम सकाळीच दाराशी येऊन उभा राहिला.

“इनासभाऊ, लीकला डेंगळे यायला लागले. आत्ता काढलंत तर भाजी. थांबलात तर सरपण.”

डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा. तो आला की आतला गाभा लाकडासारखा होतो. काढून ठेवावा तर त्या उन्हात चार दिवसांत त्याचं गवत. तेव्हा मी ठरवलं की सूप आत्ताच करायचं आणि साहेब येईपर्यंत बर्फात गोठवून ठेवायचं. मुंबईत तेव्हा बर्फाचे कारखाने निघाले होते. लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या आमच्याकडे रोज गाडीने यायच्या, साहेबांच्या सोडा-लेमनेडसाठी.

सगळा लीक काढून घेतला आणि त्यातल्या निम्म्याचं मी गोवेकराच्या रीतीने सूप केलं. कोंबडीचा स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, शिवाय दूध आणि लोणी. मोठ्या डब्यात भरलं, मीठ घातलेल्या बर्फात ठेवलं, गोठल्यावर एकदा उघडून पाहावं म्हणून वितळवलं. त्याची काय दशा झाली ते वर सांगितलंच.

“उरलेल्या लीकचं पण हेच करणार?” शेठने विचारलं.

“विचार करतो, शेठ.”

“कर. पण लवकर कर.”

विचार करायला वेळ कुठे होता? दुसऱ्या दिवशी उरलेला लीक माना टाकू लागला, आणि तो दिवस होता शुक्रवार, तोही आमच्या ईस्टरआधीच्या उपासातला. आई जुन्या वळणाची. उपासाच्या शुक्रवारी मांस तर नाहीच, दूध-लोणीसुद्धा नाही. मी निघालो तशी ती दारात आली.

“इनास, आज सुक्रार हाय. कोंबडीचं पानी चाखशील, मंग पाद्रीला काय सांगशील?”

मी पेचात पडलो. न चाखता पदार्थ बाहेर पाठवायचा नाही, हा माझा धर्म. शुक्रवारी चाखायचं नाही, हा आईचा. दोन्ही धर्म राखायचे तर एकच वाट होती. लीकची हिरवी पात उकळून तिचंच पाणी काढलं. पांढरे दांडे चिरून चिमूटभर मिठाबरोबर झाकण घालून मंद आचेवर आपल्याच रसात मऊ होऊ दिले. त्यात बटाटे आणि पातीचं पाणी. ना स्टॉक, ना दूध. चाखलं, तर मला आवडलं.

शेठना मात्र घाम फुटला.

“साहेबाला पाण्याचं सूप? कोंबडी कुठे आहे?”

“आज मी कोंबडी चाखू शकत नाही, शेठ. उपास आहे.”

“मग उद्या कर.”

“उद्या लीक उरणार नाही.”

शेठ स्वतः पारशांच्या बहमन महिन्यात मांसाला शिवत नसत. उपासाशी त्यांना भांडता येईना. त्यांनी छताकडे बघितलं आणि ते बाहेर गेले.

या वेळी मोठा डबा घेतला नाही. लहान डबे घेतले, म्हणजे थंडी आतपर्यंत लवकर पोचते. कुल्फीवाले करतात तशी झाकणं कणकेने बंद केली. बर्फ फोडून त्यात मीठ मिसळलं. मिठाने बर्फ वितळतो खरा, पण त्या पाण्याचा गारठा बर्फापेक्षाही जबर असतो. मीठ बघायला आई स्वतः किचनमध्ये आली. मी काढलेलं बारीक पांढरं मीठ तिने बाजूला सारलं.

“यो जेवनाचा. खडं घाल, कालं खडं. बारीक लगेच इरघलतं.”

मिठाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मिठागरातलं न धुतलेलं काळपट खडे मीठ घातलं. सगळं एका लाकडी पेटीत बसवून भोवती भाताचा तूस दाबून भरला. रोज सकाळी खारं पाणी काढायचं, नवा बर्फ आणि नवं मीठ भरायचं. शेठ येता-जाता पेटीला हात लावून बघायचे, तापकऱ्याच्या कपाळाला लावतात तसा.

शेवटी एकदाचा साहेब आला. मेमसाहेब होत्या, पाहुणे होते, शेठने नवी पगडी घातली होती. मी डबे उघडले. आत पांढरट-हिरवे दगड. गरम पाण्याच्या परातीत ठेवून सावकाश वितळवले आणि पाहतो तर सूप रवाळ. बटाट्याने दगा दिला होता. पण दूध नसल्याने फाटण्यासारखं आत काही नव्हतं. मलमलीतून गाळलं, ताकाच्या रवीने घुसळलं, चुलीवर गरम करत पुन्हा घुसळलं. हळूहळू ते एकजीव झालं, साईसारखं मऊ. मग गरम दूध. लोणी सगळ्यात शेवटी.

प्लेटा बाहेर गेल्या. मी दाराच्या फटीतून बघत होतो. एक घोट घेऊन साहेबाने चमचा खाली ठेवला.

“फ्रामजी, हे हिवाळ्यातलं सूप नाही.”

शेठच्या तोंडचं पाणी पळालं.

“हिवाळ्यातलं कोंबडीचं होतं,” साहेब म्हणाला. “हे लीकचं आहे. अजून आहे का?”

होतं. मेमसाहेबांनीही दुसऱ्यांदा घेतलं. एवढ्या उन्हात लीक कुठून आणला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा शेठने मला बाहेर बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, “हा आमचा हेड कुक. ह्याला विचारा.” हेड कुक हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा माझ्यासाठी ऐकला. मी आतल्या बर्फाच्या पेटीकडे बोट दाखवलं. गाडी सुटल्यावर शेठने कोठीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“डिकरा, आता दर शुक्रवारी उपास कर.”

तेव्हापासून मी एक नियम पाळला आणि हाताखालच्या सगळ्यांना शिकवला: बर्फात ठेवायचं ते साधं ठेवा, दूध-लोणी पाहुणा दारात आल्यावर.

एक डबा मी मागे ठेवला होता. तो घरी नेला, वितळवून घुसळला आणि दूध न घालताच आईपुढे वाटी ठेवली. ईस्टर अजून व्हायचा होता, आणि ती स्वतः त्या सगळ्या दिवसांत मांसाला शिवत नव्हती, म्हणून साहेबाच्या टेबलावरचं काहीही तिने आजवर तोंडात घातलं नव्हतं. प्रत्येकात कसला ना कसला स्टॉक असायचा. हे मात्र तिच्या उपासात बसत होतं. मी किल्ली दाखवली. तिने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली, पदराला बांधली आणि मग सूप चाखलं.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली, आणि वाटी पुढे केली. “अजून घाल.”

“मीठ?”

“सूप रे.”