डोमाजीचं पहिलं आवतण

हायवेला लागून असलेल्या त्या गावात डोमाजीच्या घराण्याचं काम एकच, मेलेल्या माणसाची शेवटची तयारी. आजा बांबू तोडून तिरड्या बांधायचा. बाप धोंडीबानं मडकी-कापडाचं दुकान टाकलं. आणि डोमाजीनं मुलगा राजकुमारच्या हट्टापायी प्रेत ठेवायची काचेची फ्रीजर पेटी घेतली. कुठं मयत झाली की गावाला सगळ्यात आधी डोमाजी आठवतो. लग्न निघालं की मात्र तेच गाव त्याला सोयीनं विसरतं. या घरचा माणूस मांडवात दिसला की अपशकुन! म्हणून आजवर लग्नाचं जेवण डब्यातून घरपोच, तेही मागच्या दारानं.

त्यामुळे यंदा गावातल्या चंपतनं त्याच्या लेकीच्या, रुपाच्या लग्नाची पत्रिका हातात दिली, तेव्हा डोमाजी 'बसा' म्हणायचंही विसरला.

"कोनाची चुकून आली काय हो?" त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईनं विचारलं.

"तुह्या नवऱ्याचंच नाव हाये, वाच!" डोमाजी म्हणाला.

लग्नाच्या दिवशी साठीतली स्वारी नवरदेवापेक्षा जास्त नटली. कडक इस्त्री, वर अत्तर. बायकोसोबत मांडवात शिरताच दोन बायकांनी पदर सावरले, एका म्हाताऱ्यानं खुर्ची सरकवली, स्वतःची आणि लांब. डोमाजीला काही वाटलं नाही. मठ्ठा काय गार होता! बाहेर डांबर वितळत होतं अन् इथं दात शिवशिवत होते. दुसरा गिलास घ्यायला तो मांडवामागे गेला.

तिथं त्याला ओळखीची काच दिसली.

अर्धवट चादरीखाली, वायर लावलेली, त्याचीच पेटी. आत मठ्ठ्यानं भरलेले मोठाले गंज, ओळीनं निजवल्यासारखे. मागच्या आठवड्यात त्या जागी म्हातारी सोनाबाई होती.

पेटीजवळ राजकुमार उभा. "बाबा, फिनाइलनं धुतली ना! रिकामीच पडून राह्यली होती."

चंपत धावत आला, हात जोडून. "डोमाजीभाऊ, कोनाले बोलू नोका. वऱ्हाड उठून जाईन. तुमच्या पोरानं पेटी देतो म्हनलं, तवाच तं तुमाले पत्रिका देल्ली ना मी!"

डोमाजीनं हातातला रिकामा गिलास पेटीवर ठेवला. "मंजे मी पेटीसंगं आलेलं झाकन हाये का रे?"

मंगलाष्टकं सुरू झाली होती. एका शब्दात मांडव रिकामा झाला असता, रुपाचं लग्न मोडलं असतं, आणि पुन्हा या घराला कुणी आवतण दिलं नसतं.

"नाई बोलत," तो शेवटी म्हणाला. "पन मले पंगतीत मधात बसव. कोपऱ्यात नाई."

चंपतनं बसवलं. मयताला लागलेला हात आपल्याला लागू नये म्हणून दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी लगेच पत्रावळ्या हातभर सरकवल्या. आणि त्यातलाच एक ओरडला, "ए, मठ्ठा आन रे! गारवाला!"

डोमाजीचा घास हातातच राहिला. समोरच्या ओळीतून कौशल्याबाईनं तिसरा गिलास उंचावला.

"घ्या ना हो! काऊन पिऊन नाई राह्यले?"