उंबऱ्याबाहेर थांबलेली बाई

चमत्कारांविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, सौंसरच्या बसस्थानकावर उभं राहून वाटली आहेत. वडिलांच्या पेटीतली जुनी पत्रकं वाचतच मी वाढलो. म्हणून पुढचं लिहिताना हात अडखळतो. पण घडलेलं झाकणं हा खोटेपणा ठरेल.

माझ्या सहा वर्षांच्या भाचीवर नागपूरला रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालले होते. केमोनंतर घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं : हिची प्रतिकारशक्ती संपल्यात जमा आहे, कुणाला शिवू देऊ नका, ताप आला तर थांबू नका. ताईनं दारावर 'शिवू नका' अशी पाटी लावली. मी ती काढली. ज्या शब्दानं आमच्या आज्याला विहिरीपासून दूर ठेवलं, तो आमच्याच दारावर कसा चालेल? शेजारीपाजारी आले, सगळ्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवला. मला अभिमान वाटला.

पाचव्या दिवशी दुपारी तिचं अंग तापलं. ताई घाबरली. उद्या सकाळी निघू, असं मी ठरवलं. तेवढ्यात संत्र्याच्या तोडणीवरून परतणारी एक अनोळखी बाई पाणी मागायला दाराशी आली.

"आत या ना मावशी," मी म्हटलं. "आमच्या घरी कोणालेच बाहेर उभं ठेवत नाही."

"नाही बापू. हात मातीचे हायेत, अन् पोरगी बिमार दिसून राहिली." बाजेवरच्या भाचीकडे ती बघतच राहिली. "तिचे पाय पाह्य बरं."

"थोडा ताप आहे. पण तुम्ही संकोच..."

"भाषण मंग दे. पाय पाह्य. माह्या नातीचं असंच झालं होतं."

मी हात लावून पाहिला. कपाळ तापलेलं, आणि पाय गार पडलेले. गाडी घेऊन आलो तोवर बाई निघून गेली होती. नंतर पार तिगावपर्यंतच्या गावांत चौकशी केली. कुणाला ती ठाऊक नव्हती.

रक्तात संसर्ग पसरला होता, रक्तदाब घसरत होता. नागपूरला पोचताच औषधं सुरू झाली, मग श्वासाची नळी. पाटी मी काढली, हे डॉक्टरांना मी स्वतः सांगितलं. संसर्ग कुठून आला ते सांगता येत नाही, म्हणाले. वेळेत आणलंत, एवढंच म्हणाले.

अतिदक्षता विभागाच्या काचेतून मी तीन दिवस एका सिस्टरला पाहत होतो. नुसती चादर सारखी करायची असली तरी ती आधी हात धुवायची, मगच त्या लेकराला शिवायची. त्या क्षणभर थांबण्याला करुणेशिवाय दुसरं नाव मला सुचलं नाही. त्रिसरण मी लहानपणापासून म्हणतो. पण शरण जाताना आपलं म्हणणं आधी खाली ठेवावं लागतं, हे त्या काचेशी उभं राहून कळलं.

चौथ्या दिवशी नळी निघाली. सिस्टरनं मला आत बोलावलं. भाचीचा आवाज पार बसला होता.

"मामा, काहून येऊन नाही राहिला?"

"हात धुऊन राहिलो ना."

"आणखी एकदा धुवा," सिस्टर म्हणाली.

मी निमूटपणे पुन्हा धुतले. इतक्या आनंदानं मी आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं.