सासऱ्यांशी खेळलेले दोन डाव

पोरं अजून विचारतात, बुद्धिबळ सुधारायचं कसं. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेतो. खरं सांगितलं असतं तर सासऱ्यांपर्यंत गेलं असतं. आता ते नाहीत.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात बायको दवनीवाड्याला माहेरी गेली. मी आणायला गेलो तर धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी जोरात, आणि मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, लेकीचे हात सोडवेनात. पण जावयाला नाही म्हणायचं कसं? त्यांनी पट काढला.

"संध्याकाळी एक डाव होऊ द्या, जवाई. तुमच्यावर मात झाली तर पोरगी रोवणा होईपर्यंत राहील. नाही झाली तर सकाळीच बंडी जुंपतो."

माझा खेळ राइस मिलच्या जेवणाच्या सुट्टीत शिकलेला, यथातथाच. हातावर पाणी घालता घालता बायको हळूच म्हणाली, "तोंड काऊन पाडून राहिले? बाबाले मोहरे खायाचा लय सोस. खाऊ द्या. एकबी ठेवू नका."

"मग खेळू कशानं?"

"राजा राहते ना."

आमच्या देशी डावात एकाचा नुसता राजा उरला की बुर्जी होते. मग मात नाही, डाव बरोबरीत.

मामाजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण शेजारी ओसरीवर येऊन बसलेले, आणि त्यांना मात करायची होती ती प्याद्यानं. तिचा मान मोठा. म्हणून माझं एकेक मोहरं ते सावकाश टिपत गेले.

"जवायाले एखादं तं ठेवा जी," एक शेजारी म्हणाला.

"ठेवला ना हत्ती. खेळू दे बिचाऱ्याले."

तो हत्ती मी उचलला आणि शह देत थेट त्यांच्या राजाच्या शेजारी नेऊन ठेवला. राजाभोवती त्यांचीच प्यादी दाटीनं उभी. हलायला घर नाही. हत्ती खाण्यावाचून इलाज नव्हता. मामाजींनी तो खाल्ला.

"बुर्जी," शेजारी म्हणाला. "गेली पोरगी."

बंडीत बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी रोवणा झाल्यावर या. अन् हारा. आईजवळ राहायचं आहे."

"मग यंदा कायले जिंकवलं?"

"जिंकले कुठी तुमी? यंदा चिखलात कंबर मोडून राहिली होती माही."

हारायचं, आणि मामाजींना कळू द्यायचं नाही. हे काम जिंकण्याहून अवघड निघालं. आधी सगळ्यात चांगली चाल शोधायची, मग तिच्यासारखीच दिसणारी, पण कुठेतरी भोक असलेली दुसरी. वर्षभर मिलमध्ये मी हाच अभ्यास केला, आणि त्या नादात तिथं मला हरवणारा कोणी उरला नाही. सुधारणा म्हणतात ती माझी अशी झाली.

पुढच्या वर्षी मामाजी पट मांडूनच बसले होते. मात झाली तर पोरगी पोळ्यापर्यंत राहणार होती. मी भोक ठेवलं. त्यांचं प्यादं पुढं आलं आणि मात झाली. शेजारी उठून गेल्यावर त्यांनी विचारलं, "जवाई, सोडला का डाव?"

"नाही जी."

"माह्या गळ्याची आन?"

"तुमची आन. प्यादं दिसलंच नाही मला."

ते हसले आणि त्यांनी गेलेल्या शेजाऱ्यांना परत बोलावून आणलं.

त्यानंतर घरी पाहुणा आला की ते मला तो शेवट पटावर मांडायला लावत. मी मांडून देई. माझा एक उंट तिथं असा उभा होता, की त्यानं ते प्यादं सहज खाल्लं असतं आणि मात टळली असती. मामाजींच्या ते कधी ध्यानात आलं नाही. पण पाहुण्यांत एखादा जाणता निघायचा, या भीतीनं पुढं पुढं मी तो उंट मांडायचाच सोडून दिला.