उतारा मी पोथीसारखा वाचला

नर्सिंगच्या शाळेत घ्यावं म्हणून मी एकदा परीक्षा दिली होती, आणि त्या परीक्षेतला उतारा मी पोथीसारखा वाचला. मूर्खपणा एवढाच. पण तो मी फार मन लावून केला.

निपाणीत आमच्या घरी शाळेत गेलेली मी एकटीच. त्यामुळे श्रावणात गल्लीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. नियम साधे होते. अध्याय सुरू केला की अर्धा सोडून उठायचं नाही. जीभ अडखळली की ती ओवी पुन्हा पहिल्यापासून. मी अडखळले की माझी आजी काठी जमिनीवर आपटायची.

परीक्षेला बेळगावला गेले तर पेपरात ताप भरलेल्या एका बाईचा उतारा आणि त्याखाली प्रश्न. प्रश्नांकडे मी बघितलंसुद्धा नाही. ताठ बसून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कुठं शब्द अडला की परत वर. ओठ हलत होते. शेवटची ओळ झाल्यावर मी हात जोडले असं मला आठवतं, पण ते मी मागाहून रचलेलंही असेल. तेव्हा मी होते त्या पोरीकडून काहीही शक्य होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहीत होते तोच वर्गावरच्या बाई "मुगीतु, मुगीतु" म्हणत आल्या. वेळ संपली, असं कानडीत. माझ्या हातातून पेपर ओढून घेतला.

बाहेर माझे वडील, आप्पा, कुणाची तरी मागून आणलेली सायकल धरून उभे होते. "कसा गेला?" त्यांनी विचारलं.

"लई चांगला," मी म्हणाले. "एक अक्षर चुकलं न्हाय."

कॅरिअरवर बसून मी आनंदाने बसस्टँडपर्यंत गेले. असलं ध्यान.

यादीत नाव लागलं नाही. मग तंबाखूच्या वखारीत कामाला लागले. तंबाखूची धूळ नाकात गेली की सुरुवातीला शिंका येतात, डोळे चुरचुरतात. पुढे वासच येईनासा होतो. बाकीच्या गोष्टींचंही तसंच झालं. लग्न झालं, मुलगा झाला, आप्पा गेले, वखार बंद पडली. पोथी मात्र चालू राहिली. दर गुरुवारी तोंड वाचतं, मी बसलेली असते.

आता नातीची वेळ आली. तिलाही नर्सिंगलाच जायचं. मागच्या वर्षी तिचं नाव हुकलं. यंदाही हुकलं तर शिक्षण बंद आणि कापडाच्या दुकानात उभं राहायचं, असं माझ्या मुलाने सांगून टाकलं होतं. त्याने ते रागाने सांगितलं नाही. जेवता जेवता सांगितलं आणि ताक मागितलं.

तिच्या क्लासच्या सरांनी रीत शिकवली होती. आधी प्रश्न वाचायचे, मग उताऱ्यात तेवढंच शोधायचं. अडलं की सोडून पुढं जायचं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात सरावाला बसायची आणि मी मोबाईलवर वेळ लावायची. उतारा इंग्रजी, मला त्यातलं काही कळत नाही. पण तिचे ओठ हलताना दिसत होते. नजर अर्ध्यातून परत वर जातानाही दिसत होती. मोबाईल वाजायचा तेव्हा निम्मे प्रश्न तसेच असायचे.

"काय गं, परत पयल्यापासनं?"

"अडलं की डोळंच तिकडं जातंय."

"मग अडखळत जा की पुढं. कोण काठी आपटतंय?"

"अर्धं सोडलं की छातीत कसंतरी होतंय, आज्जी. प्रश्न आधी बघितलं की चोरी केल्यागत वाटतंय."

हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. दुधाचे दात पडायच्या आत तिला पोथीसमोर बसवणारी मीच. काठी नव्हती माझ्याकडे, पण मी घसा खाकरायची. वाईट वाटायला हवं होतं. मी उठून भाताखालचा गॅस बंद केला.

त्या गुरुवारी शेजारची आक्का नेहमीप्रमाणे ऐकायला आली. नात नारळ फोडून दारात उभी होती. मी पोथी उघडली ती थेट शेवटच्या पानावर. आधी फलश्रुती वाचली, म्हणजे ही पोथी वाचून काय मिळतं ते. मग मागे जाऊन तेवढ्यापुरत्या चार ओव्या इथल्या, दोन तिथल्या वाचल्या. एका ठिकाणी जीभ अडखळली, तशीच पुढे गेले. अध्याय अर्ध्यावर असताना पोथी मिटली आणि फडक्यात बांधली.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. "आज उलटी धरलीस काय गं?"

"सुलटीच हाय. शेवट आधी बघून घेतला, मग लागंल तेवढं वाचलं."

"आणि देव?"

"देवाला पाठ हाय की समदं."

आक्काने थोडा विचार केला. "मग परसाद तरी अर्धा देऊ नगंस," म्हणाली आणि हात पुढे केला.

नात हसली नाही. बांधलेल्या पोथीकडे बघत होती. रात्री काही झालं नाही. सकाळी नळाला पाणी आलं, दूधवाला आला. तिने चहा घेता घेता माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मी धड आहे का ते. संध्याकाळी ती सरावाला बसली तेव्हा उताऱ्यावर तळहात ठेवून आधी प्रश्न वाचले. ओठ हलत होते, पण नजर वर गेली नाही.

परीक्षेला बेळगावला तिच्याबरोबर मीच गेले. फाटकाबाहेर बायाबापड्यांमध्ये बसून राहिले. शेजारची बाई जप करत होती. मलाही काहीतरी करावं असं वाटेल म्हणून वाट बघितली. वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या.

पुढे नातीचं नाव लागलं, पेढे वाटले, मुलाने दुकानाचा विषय पुन्हा काढला नाही. ते सगळं नीट झालं. पण माझ्या ध्यानात राहिलं आहे ते फाटकापाशी तिने सांगितलेलं. ती गर्दीतून आली, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, अर्धी प्यायली आणि म्हणाली,

"प्रश्न समदं झालं, आज्जी. पण उतारा मी अर्धाच वाचला. त्यातली म्हातारी बरी झाली का न्हाय, मला म्हाईत न्हाय."