जपानी पद्धतीने कापलेला कडुनिंब

वडील गेल्यावर मी आईला दुबईला घेऊन आलो. आमचा भाड्याचा व्हिला जुना, एकमजली, आणि मागच्या अंगणात एक दांडगा कडुनिंब. कराडहून आलेल्या माणसाला इथे ओळखीचं असं तेवढंच होतं. पहिल्याच आठवड्यात तिने स्टोअररूममधली प्लास्टिकची खुर्ची झाडाखाली नेली आणि रोज संध्याकाळी पाचपासून अजान होईपर्यंत ती तिथे बसू लागली. भाजी निवडायची, बहिणीशी फोनवर बोलायची, नाहीतर नुसतीच बसायची. मी आणि बायको दोघं नोकरीवर, मुलगी तिच्या क्लासला. या देशात आईची म्हणावी अशी ती एकच जागा होती. हे शहाणपण मला आता आलंय. तेव्हा मला ती फक्त बसलेली दिसायची.

ऑफिसात माझ्यासोबत एक जपानी इंजिनियर होता, निवृत्तीला आलेला. एकदा त्याच्या घरी चहाला गेलो आणि त्याच्या अंगणातलं ऑलिव्हचं झाड बघून वेडाच झालो. फांदी न् फांदी सुटी, प्रत्येक पानाला स्वतःची जागा, आणि एवढं कापूनही कुठे कापल्याची खूण नाही. मी म्हटलं, मला शिकव. तो पाचसहा शनिवार माझ्यासोबत शिडीवर चढला. सुरुवात शेंड्यापासून करायची. आधी आतलं वाळलेलं काढायचं, मग एकमेकींना छेदणाऱ्या फांद्या, सरळ वर पळणाऱ्या, खाली लोंबणाऱ्या. कापायचं ते नेहमी फांदी जिथे फुटते तिथेच, खुंट ठेवायचा नाही. आणि दर थोड्या वेळाने खाली उतरून लांबून बघायचं.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "आमच्याकडे ऊन कमी, म्हणून आम्ही झाड उघडतो. तुझ्या झाडाला काय हवं ते आधी बघ." मला वाटलं, हे त्यांचं नेहमीचं तत्त्वज्ञान. मी मान डोलावली आणि विसरून गेलो. मला एकदा नाद लागला की समोरच्याचं निम्मंच ऐकू येतं, असं बायको म्हणते. तिचं म्हणणं खरं आहे.

आई येऊन चौथं वर्ष चालू होतं. त्या एप्रिलमधले दोन शनिवार-रविवार मी कडुनिंबावर घालवले. आई खाली खुर्चीत बसलेली. फांद्या पडतील तशी ती खुर्ची थोडी थोडी सरकवत होती. कपाटात ठेवायला पाला गोळा करत होती. दुसऱ्या रविवारी एकदा वर बघून म्हणाली, "अरे, एवढं?"

"आई, ही जपानी पद्धत आहे. तुला नाही कळायचं."

ती हसली आणि पाला गोळा करायला लागली.

झाड खरंच देखणं झालं. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडायचे, फांद्यांमधून आकाश दिसायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, इट लुक्स सो एस्थेटिक." मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. शेजारच्या शहरातल्या रोल्लाहून मित्र सहकुटुंब बघायला आले, त्यांनाही मी शिडीवर चढून भाषण ठोकलं. आई त्या दिवशी सगळ्यांसाठी पोहे करत होती.

मे महिन्यात आईची खुर्ची पुन्हा स्टोअररूममध्ये गेली. माझ्या ते लक्षातही आलं नाही. बायको एकदा म्हणाली, "आई हल्ली संध्याकाळी फिरायला जातात." मी म्हटलं, चांगलंय, पाय मोकळे होतील. एवढ्या उन्हात ही बाई कुठे फिरते, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

जूनमध्ये एका दुपारी मीटिंग लवकर संपली. पाचच्या सुमाराला घराजवळच्या सिग्नलला थांबलो होतो. कोपऱ्यावर काचेचा एसी बसस्टॉप आहे. त्यात कामावरून परतणाऱ्या बायकांच्या मधोमध आई बसलेली. मांडीवर पिशवी, हात पिशवीवर. मी गाडी कडेला लावून आत गेलो.

"आई, इथे काय करतेस?"

"बसलेय रे. इथे गार आहे."

शेजारच्या मल्याळी बाईने कौतुकाने सांगितलं, "अम्मा रोज आती हैं. बस कभी नहीं लेतीं, बस आने पर हमको बाय करती हैं."

मी आईला गाडीत बसवलं. घरी आल्यावर मी ती खुर्ची काढली आणि तिच्या जागेवर जाऊन बसलो. साडेपाच वाजले होते. दहा मिनिटांत मान भाजून निघाली, खालच्या फरशीची धग चपलेतून लागली. वर माझी सगळी कारागिरी होती आणि तिच्यातून ऊन थेट खाली येत होतं. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी माणसं बोलावून चार पाइप रोवले, वर हिरवी जाळी ताणली. "खलास साहब, छाया रेडी," म्हणून ते गेले. जाळीखाली हवा कोंडायची. माझं मन राखायला आई दोन संध्याकाळी तिथे बसली, पदराने वारा घेत. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गणपतीला ताईकडे जाऊन येते."

मी तिकीट काढलं. विमानतळावर विचारलं, "येशील ना परत?" ती म्हणाली, "बघू."

सहा महिने बाहेर राहिलं की इथला व्हिसा जातो. सहावा महिना लागला तसा मी फोन केला, तिकीट काढतो म्हणालो. झाड आता बरंच भरलंय, हेही सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे रे. मी इथे बरी आहे." मग मला राहवलं नाही.

"आई, मी कापत होतो तेव्हा तू समोर बसली होतीस. एकदा तरी थांब म्हणायचंस. दरडावून म्हणायचंस."

"अरे, झाड तुझं, घर तुझं," ती म्हणाली. "राहायला आलेल्या माणसाने कसं सांगायचं?"

आणि लगेच मुलीच्या परीक्षेचं विचारलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. चार वर्षं आई माझ्याकडे राहिली, आणि त्या चार वर्षांत एक दिवसही तिला ते आपलं घर वाटलं नाही. मला दुखवायचं म्हणून तिने हे सांगितलं नव्हतं. मी विचारलं, म्हणून सांगितलं.